संबंध नसलेल्या संशोधनाचे निवेदन : अमेरिकेतील वैद्यक प्रवेशनिबंधाची चिकित्सा

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला गुणपत्रक, 'एमकॅट' या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि शिफारसपत्रे यांबरोबर एक निबंधही सादर करावा लागतो. 'असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस' या संस्थेची केंद्रीय अर्जसेवा 'ॲमकास' या नावाने ओळखली जाते. तिच्यामार्फत भरावयाच्या अर्जात या निबंधाची मर्यादा मोकळ्या जागा धरून ५३०० टंकचिन्हांची आहे, म्हणजे छापील दीड पानाच्या आसपास. वैद्यकीय महाविद्यालयात का जावेसे वाटते, एवढाच प्रश्न विद्यार्थ्यापुढे असतो. २०२३-२४ या प्रवेशवर्षात एम.डी. पदवी देणाऱ्या अमेरिकी महाविद्यालयांसाठी सुमारे ५२ हजार विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांनी प्रवेश घेतला. संख्येच्या दृष्टीने पाहता दरवर्षी एवढ्या मोठ्या प्रमाणावर लिहिले जाणारे, बारकाईने वाचले जाणारे आणि तरीही समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिलेले गद्य दुसरे क्वचितच असेल.

आपल्याकडे विद्यापीठीय अभ्यासक्रमांत 'उपयोजित मराठी' आली, अर्जलेखन आणि पत्रलेखन शिकविले जाऊ लागले. तथापि अर्जातील आत्मनिवेदनाकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला लागलेली नाही. त्याला कारणही आहे. भारतात वैद्यकीय पदवीचा प्रवेश 'नीट' या परीक्षेतील ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर आणि त्यानुसार लागलेल्या क्रमांकावर ठरतो. विद्यार्थ्याने आधी काय केले, कशात रमला, कशात फसला, हे त्याला कोणी विचारत नाही. अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण पदवीनंतर सुरू होत असल्याने अर्जदार बावीस-तेविसाव्या वर्षी किंवा त्यानंतर येतो. त्याच्यामागे चार वर्षांचे महाविद्यालयीन आयुष्य आणि बहुधा एखादे संशोधनही असते. हे संशोधन वैद्यकाशी संबंधित असेलच असे नाही. कोणी भातरोपांवर क्षारांचा परिणाम तपासलेला असतो, कोणी दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशातील चढउतार मोजलेले असतात, कोणी जुनी दफ्तरे वाचलेली असतात. त्याचे निवेदन प्रवेशनिबंधात कसे करावे, किंबहुना करावे की नाही, हा प्रश्न वरकरणी व्यावहारिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी निवेदनाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

प्रथम अर्जाची रचना लक्षात घ्यावयास हवी, कारण पुष्कळसा गोंधळ तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतो. 'ॲमकास'च्या अर्जात मुख्य निबंधाखेरीज कार्यानुभवांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० टंकचिन्हांची मुभा असते. त्यांपैकी तीन नोंदी 'सर्वाधिक अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्यांना प्रत्येकी आणखी १३२५ टंकचिन्हे मिळतात. संशोधन हा या विभागातील एक स्वतंत्र वर्ग आहे. याचा अर्थ असा की संशोधन केले होते ही माहिती समितीपर्यंत पोहोचविण्यासाठी मुख्य निबंध खर्ची घालण्याची गरजच नाही. एम.डी. आणि पीएच.डी. या संयुक्त पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांना तर संशोधनानुभवावर १०,००० टंकचिन्हांचा वेगळा निबंध लिहावा लागतो आणि संयुक्त पदवी का हवी, यावर ३००० टंकचिन्हांचा आणखी एक. तेथे विषय कोणताही असो, तपशिलाला वाव आहे आणि वाचणाराही संशोधकच असतो. संशोधनाचा वैद्यकाशी संबंध नसणे हा तेथे फारसा अडथळा ठरत नाही. तिढा आहे तो मुख्य निबंधात. तेथे प्रश्न वैद्यकाचा आहे आणि अर्जदाराच्या हातात सामग्री भलत्याच विषयाची आहे.

या तिढ्यातून सुटण्याचा सर्वात रुळलेला मार्ग म्हणजे रूपक. एक कल्पित अर्जदार डोळ्यांसमोर आणावी. तिने वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे भाताच्या रोपांवर काम केले आहे. ती लिहिते की क्षारपड मातीतही तग धरून राहणारे इवलेसे रोप पाहताना तिला आजाराशी झुंजणाऱ्या रुग्णाची आठवण झाली आणि त्या क्षणी आपली वाट वैद्यकाकडे जाते हे तिला उमगले. वाक्य वाईट नाही. शालेय निबंधस्पर्धेत त्याला गुणही मिळतील. परंतु समीक्षकाने येथे एक साधा प्रश्न विचारावा : हे वाक्य लिहिण्यासाठी दोन वर्षे प्रयोगशाळेत घालविण्याची आवश्यकता होती काय? खिडकीतल्या कुंडीकडे पाहूनही ते लिहिता आले असते. या रूपकात संशोधन उरतच नाही, उरते ते केवळ दृश्य. ज्या अनुभवाची साक्ष काढावयाची, तोच अनुभव रूपकाने पुसून टाकला आहे. शिवाय रोप आणि रुग्ण यांच्यातील साम्य दाखविताना रुग्णाचेही काहीसे रोप होते, ही गोष्ट अशा निबंधांच्या लेखकांच्या ध्यानात येत नाही. रुग्ण बोलतो, नकार देतो, औषध चुकवितो, खोटेही सांगतो. रोप यांतले काहीच करीत नाही.

याच्या उलट दुसरी रीत यादीची. कोणते तंत्र हाताळले, कोणती उपकरणे वापरली, किती परिषदांत भित्तिपत्रके मांडली, शोधनिबंधात नाव कितव्या क्रमांकावर आले, हे सारे ओळीने मांडले जाते. ही रीत रूपकाइतकी खोटी नसते, पण ती निबंधाचा प्रश्नच ऐकत नाही. १५ नोंदींच्या विभागात जे आधीच सांगून झाले आहे, तेच पुन्हा वाक्यांच्या वेषात येते. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

तिसरी रीत अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणून अधिक घातक. तिला नियतीची रीत म्हणता येईल. येथे अर्जदार संबंध नसलेल्या संशोधनाला मागे वळून असा अर्थ देतो की ते वैद्यकाकडे नेणाऱ्या प्रवासातील एक आवश्यक टप्पाच होते. ताऱ्यांचा अभ्यास मानवी देहातील अणूंकडे घेऊन गेला, अणूंनी पेशींकडे नेले, पेशींनी रुग्णशय्येकडे. विस्कळीत, अपघाती, कधी नुसत्या सोयीने घडलेल्या निवडींना सरळ रेषा बहाल केली जाते. वास्तविक पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी एखाद्या प्रयोगशाळेत जातो तो बहुधा तेथे जागा रिकामी होती म्हणून, एखाद्या प्राध्यापकाच्या तासाला मन लागले म्हणून, किंवा शिष्यवृत्ती मिळत होती म्हणून. यात लपविण्यासारखे काही नाही. तरीही प्रवेशनिबंधात ही कारणे जवळजवळ कधीच येत नाहीत.

येथे पीटर मेडावार यांच्या १९६३ मधील एका भाषणाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या जीवशास्त्रज्ञाने 'बीबीसी'वरून बोलताना वैज्ञानिक शोधनिबंध ही एक फसवणूक आहे काय, असा प्रश्न उभा केला होता. शोधनिबंधातील माहिती खोटी असते असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. त्यांचा आक्षेप रूपावर होता. निरीक्षणे आधी, निष्कर्ष मागाहून, अशा क्रमाने शोधनिबंध लिहिला जातो आणि त्यामुळे संशोधकाच्या मनात विचार प्रत्यक्षात कसा चालला, हे वाचकापासून झाकले जाते. पूर्वग्रह, अंदाज, चुकलेल्या वाटा यांचा मागमूस उरत नाही. प्रवेशनिबंधातही नेमके हेच घडते, मात्र दिशा वेगळी असते. शोधनिबंध लेखकाला गाळून टाकतो, तर प्रवेशनिबंध योगायोगाला गाळून टाकतो. एकात कोणीच विचार केलेला नसतो आणि निष्कर्ष निघतो. दुसऱ्यात सारे काही पहिल्यापासून ठरलेले असते. दोन्ही रूपे ज्या विद्यार्थ्याने एकाच वेळी आत्मसात केली, त्याला स्वतःच्या कामाचे खरे वर्णन करण्यासाठी तिसरी भाषा कोठून मिळावी?

नियतीच्या रीतीला एक विद्वत्तापूर्ण पाठबळही मिळते. वैद्यकाशी संबंध नसलेल्या संशोधनातून वैद्यकाला मिळालेल्या देणग्यांची उदाहरणे अर्जदार देतो आणि ती उदाहरणे खरी असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगांचा अभ्यास करताना जागा बदलणारी जनुकीय द्रव्ये शोधली आणि १९८३ मध्ये त्यांना शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विभागातील नोबेल पारितोषिक मिळाले. रोझलिन यॅलो या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. रक्तातील संप्रेरकांचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९७७ मध्ये याच विभागात पारितोषिक लाभले. दोनच वर्षांनी ते भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक आणि अभियंता गॉडफ्रे हौन्सफील्ड यांना सीटी स्कॅनसाठी मिळाले. विज्ञानाच्या इतिहासात ही उदाहरणे मोलाची आहेत. परंतु त्यांवरून सिद्ध होते ते एवढेच की ज्ञानाच्या शाखा एकमेकींना अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. अमुक एका विद्यार्थ्याने मक्यावर काम केले म्हणून तो चांगला डॉक्टर होईल, असे काही त्यातून निघत नाही. मॅक्लिंटॉक मक्याचाच विचार करीत राहिल्या; मका सोडून रुग्णालयात जाण्याचे त्यांनी मनात आणले नाही. ज्याला मका सोडावयाचा आहे त्याने त्यांचा दाखला द्यावा, हे थोडे विचित्रच म्हटले पाहिजे.

मग संबंध नसलेल्या संशोधनाला या निबंधात स्थान नाहीच काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. भातरोपांवर काम करणाऱ्या त्या कल्पित अर्जदाराकडे पुन्हा वळू. समजा, तिने रूपक बाजूला ठेवले आणि पुढील हकिगत सांगितली. पहिल्या हंगामात मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या ट्रेमधील रोपे लक्षणीयरीत्या खुरटली. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे होता, मार्गदर्शक समाधानी होते आणि परिषदेसाठी गोषवारा पाठविण्याची तारीख जवळ आली होती. परंतु नोंदवही चाळताना तिच्या लक्षात आले की जास्त मिठाचे ट्रे सोयीसाठी नेहमी कडेला, पंख्याजवळ ठेवले जात होते. तेथील माती लवकर सुकत होती. रोपे मिठाने खुरटली की पाण्याअभावी, हे त्या नोंदींवरून सांगता येत नव्हते. तिने मार्गदर्शकांना तसे सांगितले. ट्रेच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवून, दर आठवड्याला बदलून प्रयोग पुन्हा करावा लागला आणि एक संपूर्ण हंगाम गेला. दुसऱ्या वेळी परिणाम दिसला, पण पहिल्या वेळच्या निम्म्यानेच.

या हकिगतीत रुग्ण नाही, वेदना नाही, वैद्यकाचा उल्लेखही नाही. तरीही प्रवेश समितीला जे जाणून घ्यावयाचे आहे त्यांपैकी बरेच काही तिच्यात आहे. मनासारखा निष्कर्ष हाती आला असताना ती थांबली. शंका घेण्याची किंमत किती पडेल हे तिला ठाऊक होते आणि ती किंमत तिने मोजली. वयाने व अधिकाराने मोठ्या असलेल्या व्यक्तीला चूक दाखविणे तिला जमले. शेवटी जे उत्तर आले ते लहान होते, आणि तिने ते लहानच सांगितले. 'असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस'ने वैद्यकाच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षित असलेल्या क्षमतांची जी यादी केली आहे, तीत वैज्ञानिक जिज्ञासा आणि चिकित्सक विचार यांचा स्पष्ट निर्देश आहे. नैतिक जबाबदारीचाही आहे. अर्जदाराने या शब्दांचा उच्चार करण्याची गरज नाही. ट्रेची हकिगत त्यांचे काम करते. याउलट या प्रसंगातून वैज्ञानिक दृष्टी शिकले, असे वाक्य शेवटी जोडले की मघाचा परिणाम निम्म्याने ओसरतो, कारण वाचकाने स्वतः काढावयाचा निष्कर्ष त्याच्या हातातून काढून घेतला जातो.

मानव्यविद्यांतील संशोधनाच्या बाबतीत रूपकाचा मोह अधिक तीव्र असतो. अमेरिकेत वाढलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलाने पदवीच्या शेवटच्या वर्षात पेशवाईतील काही मोडी कागद वाचले, अशी कल्पना करू. मोडीत शब्द सुटे लिहिण्याचा प्रघात नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. तेव्हा एकच अक्षरमालिका दोन रीतींनी वाचता येते आणि संदर्भावरून निवड करावी लागते. येथे रूपक जणू दारात उभेच असते : रुग्णाचा देह हाही एक मोडी कागद, लक्षणे ही अक्षरे, निदान हे वाचन. हे साम्य निखालस खोटे आहे असे नाही. वैद्यकाला कथनाच्या अंगाने पाहणाऱ्या अभ्यासकांनी त्यावर गंभीरपणे लिहिले आहे. कोलंबिया विद्यापीठातील रिटा शेरॉन या डॉक्टरांनी इंग्रजी साहित्यात पीएच.डी. केली आणि 'नॅरेटिव्ह मेडिसिन' या अभ्यासशाखेचा पाया घातला. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक २००६ मध्ये आले. पण तेथे रुग्णाचे कथन ऐकण्याची एक शिस्त आहे, प्रशिक्षण आहे, वर्षानुवर्षांचा रुग्णसहवास आहे. बावीस वर्षांच्या अर्जदाराने ते साम्य एका वाक्यात उचलले की ते उसने वाटते. त्यापेक्षा त्याने एवढेच सांगावे की अमुक कागदात एका नावाची दोन वाचने संभवत होती. पहिले वाचन त्याच्या प्रबंधाच्या मांडणीला सोयीचे होते, दुसरे नव्हते. त्याने दोन्ही तळटीपेत दिली आणि मांडणी तेवढ्यापुरती कमकुवत राहू दिली. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या माणसाविषयी ही तळटीप पुष्कळ काही सांगते.

येथे एक आक्षेप संभवतो. मानव्यविद्यांकडून येणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पार्श्वभूमीचे समर्थन करणे भाग आहे, अन्यथा समिती त्याला गंभीरपणे घेणार नाही, असे म्हटले जाते. या आक्षेपात पूर्वी तथ्य होते, आज ते बरेच कमी झाले आहे. लुईस थॉमस यांनी १९७८ मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील आपल्या सदरात वैद्यकपूर्व अभ्यासक्रमाच्या संकुचितपणावर उपरोधाने टीका केली होती आणि अभिजात ग्रीक भाषेला त्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याची सूचनाही केली होती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ मध्ये मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र प्रवेशमार्ग सुरू केला. त्यांना सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र आणि 'एमकॅट' यांतून सूट होती. २०१० मध्ये या विद्यार्थ्यांच्या वाटचालीचा आढावा 'ॲकॅडेमिक मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ते काहीसे मागे दिसले, परंतु एकंदर कामगिरीत इतरांच्या बरोबरीचे ठरले. २०१५ पासून तर 'एमकॅट'मध्येच मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांना स्वतंत्र विभाग मिळाला आहे. तेव्हा साहित्याच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून लिहिण्याचे कारण उरलेले नाही. समर्थनाचा सूरच अनेकदा संशय निर्माण करतो.

पॉल कलानिधी यांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. स्टॅनफर्ड येथे इंग्रजी साहित्य आणि मानवी जीवशास्त्र, मग वॉल्ट व्हिटमन यांच्यावरील एम.ए.चा प्रबंध, केंब्रिज येथे विज्ञान व वैद्यक यांचा इतिहास आणि तत्त्वज्ञान, आणि त्यानंतर येल येथे वैद्यक, असा त्यांचा प्रवास. मेंदूची शस्त्रक्रिया शिकत असताना त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि २०१५ मध्ये ते निवर्तले. 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' हे त्यांचे पुस्तक २०१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. साहित्य आणि वैद्यक यांचा जो सांधा त्या पुस्तकात दिसतो, तो अनेक अर्जदारांना आपल्या निबंधात हवा असतो. परंतु पुस्तक हे प्रवेशनिबंध नव्हे. तो सांधा शस्त्रक्रियागृहातील वर्षांनी आणि स्वतःच्या आजाराने घडविला आहे. व्हिटमनवरचा प्रबंध लिहून झाल्या दिवशीच तो तयार होता, असे मानणे हा मागाहून आलेला अर्थ आधी नेऊन बसविण्याचाच प्रकार होय.

संबंध नसलेल्या संशोधनाचे निवेदन ज्या ठिकाणी सर्वाधिक बिघडते, ते ठिकाण म्हणजे निरोपाचे वाक्य. जुना विषय सोडून वैद्यकाकडे का वळला, याचे उत्तर अर्जदाराला द्यावेच लागते. मुलाखतीत तर हमखास विचारले जाते की एवढे आवडत होते तर पीएच.डी. का केली नाही? या प्रश्नाच्या धास्तीने बहुसंख्य निबंधांत जुन्या विषयाची बदनामी केली जाते. प्रयोगशाळा एकाकी होती, तेथे माणसे नव्हती, आकड्यांना चेहरा नव्हता, दफ्तरखान्यात धूळ होती, अशी वाक्ये येतात. ज्या मार्गदर्शकाने दोन वर्षे शिकविले आणि ज्याचे शिफारसपत्र त्याच अर्जाला जोडलेले आहे, त्याच्या आयुष्यभराच्या कामाला येथे निर्जीव ठरविले जाते. प्रयोगशाळेत माणसे नसतात, हे विधान तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. रात्री उशिरापर्यंत उपकरण दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, आपला निष्कर्ष चुकला हे मान्य न करणारा सहकारी, अनुदानाच्या चिंतेने चिडचिडलेले प्राध्यापक, ही माणसेच असतात. त्यांना न पाहणारा विद्यार्थी रुग्णालयात मात्र माणसे पाहील, यावर समितीने का विश्वास ठेवावा? एखादा विषय आवडूनही तो सोडता येतो. आवडत्या दोन गोष्टींपैकी एकीची निवड केली, असे साध्या शब्दांत सांगणे हे वरवर दुबळे उत्तर दिसते, पण अनेकांच्या बाबतीत खरे उत्तर तेवढेच असते.

फिलिप लजेन या फ्रेंच समीक्षकाने १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या करताना लेखक आणि वाचक यांच्यातील कराराची कल्पना मांडली. मुखपृष्ठावरील नाव, निवेदक आणि नायक एकच आहेत, याची लेखक हमी देतो आणि त्या हमीवर वाचक वाचतो. प्रवेशनिबंधात हा करार अधिक कडक असावयास हवा, कारण त्यावर एका जागेचा, आणि पुढे कोणाच्या तरी उपचाराचा, निर्णय अवलंबून आहे. प्रत्यक्षात तो येथे सर्वाधिक ढिला असतो. सल्लागार, पालक, पैसे घेऊन मजकूर सुधारून देणारे व्यावसायिक आणि अलीकडे मजकूर तयार करणारी संगणकीय साधने, इतके हात त्यावरून फिरतात. रूपकांचा आणि नियतीचा साचा सर्वत्र सारखा दिसतो, त्याचे एक कारण हेही असावे. साचा कोणालाही पुरविता येतो. ट्रे पंख्याजवळ ठेवले होते, ही गोष्ट मात्र त्या खोलीत वावरलेल्यालाच ठाऊक असते.

आणखी एका बाजूकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. संशोधनाचा अनुभव हा गुण आहे तसा तो संधीचाही परिणाम आहे. प्रयोगशाळेत बिनपगारी उन्हाळा घालविणे ज्याला परवडते, ज्याच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा आहे, ज्याला प्राध्यापकाचे दार ठोठावण्याचा संकोच वाटत नाही, त्याच्याच पदरी हा अनुभव पडतो. उन्हाळ्यात दुकानात काम केलेल्या विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काही नसते असे नव्हे. पण संशोधन या शब्दाला जे वजन आहे ते दुकानाला नाही, आणि म्हणून कसलेही, कितीही असंबद्ध संशोधन निबंधात कोंबण्याची धडपड सुरू होते. अर्जदाराच्या खोटेपणाला नावे ठेवताना हे वजन कोणी ठरविले, हेही विचारावयास हवे.

मराठी वाचकाला या साऱ्या चर्चेत एक जुने पत्र आठवल्यावाचून राहणार नाही. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी यांनी न्यू जर्सीतील रोझेल येथून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्जाचे पत्र पाठविले. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्याजवळ संशोधनाचा अनुभव असण्याचा प्रश्नच नव्हता. रीतसर शालेय शिक्षणही तुटपुंजे होते. पत्रात त्यांनी ही उणीव झाकली नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करणार नाही हे सांगून, आपली परिस्थिती अपवादात्मक असल्याने सवलत मिळावी अशी विनंती केली. स्वजनांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत मिळावी हा आपला हेतू आहे, असे त्यांनी लिहिले. वैद्यकाकडे का, या आजच्या अर्जातील प्रश्नाला त्या पत्रात थेट उत्तर आहे. पुढे १८८६ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहिताना मात्र त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला आणि संस्कृत ग्रंथांतील ज्ञान अमेरिकी परीक्षकांपुढे ठेवले. हेतूचे निवेदन आणि अभ्यासाचे निवेदन ही दोन वेगळी लेखने होती, आणि दोन्ही आपापल्या जागी राहिली. अर्थात, एकोणिसाव्या शतकातील एका छोट्या महाविद्यालयाची तुलना आजच्या पन्नास हजार अर्जांच्या यंत्रणेशी करता येणार नाही. अठराव्या वर्षी एवढा स्पष्ट हेतू असणे, हेही सर्वांच्या वाट्याला येत नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना हा विषय अगदीच परका राहिलेला नाही. अमेरिकेतील पुष्कळशी वैद्यकीय महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देत नाहीत, त्यामुळे येथून थेट अर्ज करणारे थोडेच असतात. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन करून 'संशोधनासह ऑनर्स' पदवी घेता येते. हे विद्यार्थी पुढे देशातील वा परदेशातील निरनिराळ्या अभ्यासक्रमांसाठी उद्देशपत्रे लिहितील, आणि अनेकांचे संशोधन त्या अभ्यासक्रमांशी संबंधित नसेल. त्यांची शिफारसपत्रे येथील प्राध्यापकांना लिहावयाची आहेत. मेहनती, नम्र, कुशाग्र, अशा विशेषणांनी भरलेले पत्र निबंधातील कोणत्याच वाक्याला आधार देत नाही. विद्यार्थ्याने कोणती नोंद स्वतःहून तपासली, कोणता निष्कर्ष मागे घेतला, कोणत्या तारखेला प्रयोग पुन्हा सुरू केला, हे मार्गदर्शकाने नोंदवहीतून पाहून पत्रात लिहिले आणि विद्यार्थ्याच्या निबंधातही तीच घटना आली, तर शेकडो अर्ज चाळणाऱ्या समितीच्या सदस्याला निदान दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहता येतील.